‘आपला’ कोणाला म्हणावे? : उवे झेलर, नेव्हिल डिसोझा आणि मराठी स्मरण

उत्तर जर्मनीतील बोलीत ‘उन्स’ असे एक लहानसे रूप आहे. प्रमाण जर्मन भाषेत त्याच्या जागी ‘उन्झर’ येते. हॅम्बुर्ग शहराने उवे झेलर या फुटबॉलपटूला ‘उन्स उवे’ म्हटले आणि पुढे साऱ्या देशाने तेच नाव उचलले. या दोन शब्दांचे मराठी भाषांतर करायला बसलो, तेव्हा आम्ही पहिल्याच शब्दाला अडलो. ‘आमचा उवे’ म्हणावे की ‘आपला उवे’? जर्मन भाषेला हा भेद ठाऊक नाही, मराठीला आहे. ‘आमचा’ म्हटले की ऐकणारा कुंपणाबाहेर राहतो, ‘आपला’ म्हटले की तो आत येतो. झेलरच्या बाबतीत ‘आपला’ हेच योग्य ठरते, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्याच्यावर सारखाच हक्क सांगतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याच काळात मुंबईत खेळलेला, जवळजवळ त्याच वयाचा एक खेळाडू आहे, ज्याच्या नावामागे मराठीने ‘आपला’ हा शब्द कधी ठामपणे लावल्याचे आम्हांला आढळलेले नाही.

झेलरपासून सुरुवात करण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते भूगोलाचे आहे. आम्ही न्हावा शेव्याच्या परिसरात शिकवतो. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा लागतात, त्यांत हापाग-लॉइड या कंपनीचे नारिंगी कंटेनर सहज ओळखू येतात. ही कंपनी हॅम्बुर्गची. झेलरही हॅम्बुर्गचा, आणि नुसता त्या शहराचा नव्हे, तर तिथल्या बंदराचा. त्याचे वडील एर्विन झेलर गोदीत काम करीत. एर्विन स्वतः नामांकित खेळाडू होते. कामगार चळवळीने उभ्या केलेल्या क्रीडासंघटनांत ते वाढले, १९३१ साली व्हिएन्नात भरलेल्या कामगार ऑलिंपियाडमध्ये जर्मन कामगारांच्या संघातून खेळले, आणि पुढे जेव्हा ते मध्यमवर्गीयांच्या क्लबात गेले तेव्हा चळवळीतील मंडळींनी त्यांना वाट चुकलेला श्रमिक ठरवले. म्हणजे ‘हा आपला की त्यांचा?’ हा प्रश्न झेलर घराण्याला मुलाच्या जन्माआधीच विचारला गेला होता. बंदरावर राबणारा माणूस संध्याकाळी कोणत्या मैदानावर उतरतो, यालाही एक राजकारण असते. उरण तालुक्यात कबड्डीचे संघ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

उवेचा जन्म ५ नोव्हेंबर १९३६ चा. ऑक्टोबर १९५४ मध्ये, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच, तो फ्रान्सविरुद्ध पश्चिम जर्मनीकडून पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. १९५८, १९६२, १९६६ आणि १९७० अशा चार विश्वचषक स्पर्धांत तो उतरला आणि चारही स्पर्धांत त्याने गोल केले. बुंडेस्लिगा ही व्यावसायिक स्पर्धा १९६३ साली सुरू झाली, तेव्हा पहिल्याच हंगामात सर्वाधिक, ३० गोल त्याचे होते. ७२ आंतरराष्ट्रीय सामने, ४३ गोल. उंचीने बेताचा, अंगाने भरीव, आणि तरीही हेडिंगसाठी विख्यात. १९७० साली मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध त्याने केलेला गोल डोक्याच्या मागल्या भागाने झालेला आहे. पाठ गोलकडे आणि चेंडू जाळ्यात. त्याच्या नावावर विश्वविजेतेपद मात्र नाही. १९६६ च्या अंतिम सामन्यात तो कर्णधार होता आणि जर्मनी हरली. त्या दिवशीचे, मान खाली घालून वेम्बलीचे मैदान सोडणाऱ्या झेलरचे छायाचित्र जर्मनीत घराघरांत पोचले. ते सामन्याअखेरचे की मध्यंतराचे, यावर पुढे कितीतरी वर्षे वाद झाला. साहित्याच्या विद्यार्थ्याला या वादात गोडी वाटावी. प्रतिमेचा अर्थ एकदा ठरला की तिची वेळ कोणती होती याला फारसे महत्त्व उरत नाही.

परंतु त्याला ‘आपला’ करणारी गोष्ट गोलांची नव्हे. १९६१ साली मिलानच्या इंटर क्लबाने त्या काळी डोळे दिपवील एवढी रक्कम त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती नाकारली आणि तो हॅम्बुर्गमध्येच राहिला. आदिदासचा विक्री प्रतिनिधी म्हणून गाडीतून गावोगाव हिंडत राहिला, आणि शनिवार-रविवार खेळत राहिला. या नकाराने एका खेळाडूचे रूपांतर कथेत झाले. २००५ साली हॅम्बुर्गच्या मैदानाबाहेर त्याच्या उजव्या पावलाचे प्रचंड ब्राँझ शिल्प बसवले गेले. पुतळा नव्हे, नुसते पाऊल. जुलै २०२२ मध्ये तो वारला.

आता मुंबई. ज्या १९५४ साली झेलर पहिल्यांदा देशासाठी उतरला, त्याच साली मुंबईच्या संघाने संतोष करंडक प्रथमच जिंकला. मुंबईचे फुटबॉल तेव्हा कूपरेजवर वसलेले होते. रोव्हर्स चषक १८९१ पासूनचा, म्हणजे मूळचा गोऱ्या पलटणींचा. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद पोलिसांनी तो १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे नेला. शहराचे स्वतःचे संघ कचेऱ्यांचे आणि कारखान्यांचे होते: टाटा, कॅलटेक्स, रेल्वे, पुढे मफतलाल. खेळाडूला नोकरी मिळे, पगार कारकुनाचा आणि काम मैदानावरचे. नियमानुसार हे सगळे हौशी खेळाडू. हौस हा शब्द या व्यवस्थेला किती शोभतो, हे ज्याने महिनाअखेरीला पगाराची वाट पाहिली आहे त्याने ठरवावे.

या टाटा स्पोर्ट्‌स क्लबाचे नेव्हिल डिसोझा हे आघाडीचे खेळाडू. जन्म १९३२ चा. कुटुंब मूळचे गोव्याचे. आणि गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता, तो मुक्त झाला १९६१ मध्ये. भारताच्या संघातून खेळणाऱ्या या तरुणाचे मूळ गाव भारताच्या नकाशाबाहेर होते, ही बाब त्यांच्या क्रीडाजीवनाचा विचार करताना सहसा कोणी ध्यानात घेत नाही. त्यांचे बंधू डेरेक हेही भारताकडून खेळले.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारताचा संघ गेला तो सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, उजव्या बगलेला प्रदीपकुमार बॅनर्जी, हैदराबादचे पाच-सहा जण, आणि मुंबईचे म्हणता येतील असे नेव्हिल व गोलरक्षक एस. एस. नारायण. पहिली गाठ हंगेरीशी पडायची होती. दोन वर्षांपूर्वी हंगेरीचा संघ जगात अजिंक्य मानला जाई. ४ जुलै १९५४ रोजी बर्नमध्ये पश्चिम जर्मनीने त्याला ३–२ असे हरवले, आणि त्या विजयाने युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मन समाजाला पहिल्यांदा मान वर करता आली, असे तिथले इतिहासकार लिहितात. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये बुडापेस्टमध्ये उठाव झाला, नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला, आणि हंगेरीचा फुटबॉल संघ मेलबर्नला आलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. एका देशाच्या शोकांतिकेतून दुसऱ्याच्या वाट्याला आलेली ही संधी. मेलबर्नचा पराक्रम सांगताना आपण ती बहुधा अर्ध्या वाक्यात उरकतो.

त्याच स्पर्धेत जर्मनीचाही संघ होता. नियम हौशी खेळाडूंचा असल्याने करारावर खेळणारे त्यात नव्हते, म्हणून झेलरही नव्हता. सोव्हिएत संघाकडून २–१ असा हरून तो पहिल्याच फेरीत परतला. झेलर आणि डिसोझा यांची गाठ पडण्याचा जो एकुलता एक संभव इतिहासाने निर्माण केला होता, तो असा नियमाच्या एका कलमाने टळला.

१ डिसेंबर १९५६. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला डिसोझा यांचा गोल. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो याने बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला पुन्हा डिसोझा, एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. पन्नासाव्या मिनिटाला डिसोझा यांचा तिसरा गोल, आणि ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा घालून ४–२ असा शेवट केला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोल एका सामन्यात करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश. तीन दिवसांनी युगोस्लाव्हियाविरुद्ध मध्यंतरापर्यंत गोल नव्हता. उत्तरार्ध सुरू झाल्यावर काही मिनिटांतच पहिला गोल झाला, तो भारताचा होता आणि डिसोझा यांचाच होता. तिथून थोडा वेळ भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात होता. मग युगोस्लाव्हियाने पाठोपाठ गोल केले, चौथा तर आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून गेला, आणि सामना ४–१ असा संपला. तिसऱ्या क्रमांकाचा सामना बल्गेरियाने ३–० असा जिंकला. स्पर्धेअखेर चार गोल करणारे तिघे होते: युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि मुंबईचे नेव्हिल डिसोझा.

पुढचे लवकर सांगता येते, आणि ते लवकर सांगता यावे हेच खटकते. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात नेव्हिल नव्हते. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार दिले जाऊ लागले. मेलबर्नच्या संघातील प्रदीपकुमार बॅनर्जी यांना ते पहिल्याच वर्षी मिळाले, पुढे बलराम आणि थंगराज यांनाही. त्या यादीत डिसोझा हे नाव नाही. १९८० साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. एस. एस. नारायण २०२१ पर्यंत जगले, बद्रू बॅनर्जी २०२२ पर्यंत. रोव्हर्स चषक या शतकाच्या आरंभी बंद पडला.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नेव्हिल डिसोझा विस्मृतीत गेले असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही का? फुटबॉलवर प्रेम करणाऱ्या मंडळींत, गोव्यात, वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. इंग्रजी वृत्तपत्रे ऑलिंपिकच्या वर्षी त्यांच्यावर लेख छापतात. २०२४ मध्ये रहीम यांच्यावर आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटात त्यांचे पात्रही आहे. हे सर्व आम्हांला मान्य आहे. आमचा प्रश्न मराठीपुरता आहे. मराठीत क्रीडालेखनाचा दुष्काळ आहे असेही नाही. महाराष्ट्र टाइम्समध्ये वि. वि. करमरकर यांनी खेळाला स्वतंत्र पान आणि स्वतंत्र भाषा मिळवून दिली, बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटचे धावते वर्णन मराठी कानांना आपलेसे केले. १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझपदक जिंकणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचीही सरकारदरबारी उपेक्षाच झाली, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. पण खाशाबांसाठी मराठी समाज रागावला. ‘आपल्या माणसावर अन्याय झाला’ असे मराठीत लिहिले गेले, बोलले गेले. उपेक्षेची तक्रार करायलाही आधी आपलेपणा असावा लागतो. नेव्हिल यांच्या वाट्याला ही तक्रारदेखील आली नाही.

याचे कारण खेळात शोधून फारसे हाती लागत नाही. कुस्ती लाल मातीची आणि फुटबॉल परका, असे म्हणावे तर क्रिकेटही साहेबाचाच खेळ. कारण भाषेच्या आणि वस्तीच्या नकाशात आहे. मुंबईचे फुटबॉल खेळणारे गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती, मुसलमान, मल्याळी, तामिळ. त्याची बातमी इंग्रजीत, त्याची शिवीगाळ हिंदीत, आणि त्याचे प्रेक्षक कूपरेजच्या गॅलरीत. दादर-गिरगावच्या मराठी मध्यमवर्गाने शिवाजी पार्कला आपले म्हटले, तसे कूपरेजला म्हटले नाही. आपल्या साहित्याने मुंबईच्या चाळी, गिरण्या, नाके, फूटपाथ यांना जागा दिली. भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’मधून टपोरी पोरांनाही दिली. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचे कादंबरीभर लांबीचे मराठी चित्रण आमच्या वाचनात नाही. बंगालीत मती नंदी यांनी ‘स्ट्रायकर’ आणि ‘स्टॉपर’ या कादंबऱ्या लिहिल्या. ते स्वतः क्रीडापत्रकार होते, आणि खेळाडूची गरिबी, त्याचे गुडघे, त्याची नोकरी हे त्यांना कादंबरीचे द्रव्य वाटले. अर्थात बंगालला १९११ चा मोहन बागानचा विजय होता, आणि त्या विजयात धर्म, भाषा व देश यांची कड एकाच बाजूला पडत होती. आपल्याकडे ती तशी पडली नाही. मेलबर्नचा सामना ज्या महिन्यात झाला, त्याच्या आधीच्याच महिन्यात द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले होते आणि संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले होते. ‘मुंबई कोणाची?’ हा प्रश्न रस्त्यावर विचारला जात असताना मुंबईच्या एका गोवेकर ख्रिस्ती तरुणाचे तीन गोल कोणाच्या खात्यावर मांडायचे, हे ठरवायला कोणाला सवड नव्हती. त्या लढ्याच्या न्याय्यतेबद्दल आम्हांला शंका नाही. लढ्यातून जे ‘आपण’ घडले, त्याच्या सीमा कुठे आखल्या गेल्या, एवढेच आम्ही विचारत आहोत.

विरोधाभास असा की मराठी वाङ्मयाचा इतिहास या बाबतीत विलक्षण उदार आहे. फादर स्टीफन्स इंग्लंडात जन्मले, जेझुइट म्हणून गोव्यात आले, आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. आपण त्यांना निःसंकोच मराठी कवी म्हणतो, अभ्यासक्रमात लावतो, आणि परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न विचारतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे धर्म आडवा येत नाही, जन्मभूमीही येत नाही. जो मराठीत लिहितो तो आपला. ही कसोटी लेखकाला योग्यच आहे. पण जो लिहीत नाही, फक्त धावतो, त्याला ही भाषा कोणत्या दाराने आत घेणार? झेलर काही जर्मन साहित्यिक नव्हता. त्याच्या शहराने आपल्या बोलीतला एक शब्द त्याला दिला आणि तो त्या भाषेचा झाला. देणारी भाषा होती, घेणारा खेळाडू. आपण हा व्यवहार उलटा समजतो.

जर्मन उदाहरणाचा फार गौरव करण्याचेही कारण नाही. इटलीचे पैसे नाकारणारा नायक जर्मनीला मानवतो, कारण त्यात नव्या सुबत्तेतही साधेपणा टिकला असे समाधान मिळते. ते समाधान सोयीचे असते. विक्री प्रतिनिधी म्हणून हिंडणाऱ्या झेलरला आदिदासचे पाठबळ होते. टाटांच्या संघातून खेळणाऱ्या मुंबईच्या खेळाडूला इटलीला नकार देण्याची संधीच नव्हती. नकाराची कथा सांगायलाही आधी कोणी बोली लावावी लागते.

न्हावा शेव्यात राहून नावांविषयी थोडे अधिक कळते. बंदराचे अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू बंदर. ते १९८९ साली सुरू झाले. पण जगभरच्या जहाजांच्या कागदांवर ‘न्हावा शेवा’ हेच लिहिलेले असते. हॅम्बुर्गच्या गोदीतला माणूस ही दोन गावे नावाने ओळखतो. त्यांतल्या शेव्याच्या कोळ्यांना बंदरासाठी गाव सोडावे लागले आणि ते हनुमान कोळीवाड्यात गेले. नाव जगभर फिरते आणि गाव जागेवर नाही. आमच्या वर्गातील काही मुले त्याच घरांतून येतात. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात जर्मनी आणि नायजेरिया यांच्यात तिसऱ्या क्रमांकासाठी सामना झाला, ३–३ अशा बरोबरीनंतर नायजेरियाने तो पेनल्टीवर जिंकला. तेव्हा या मुलांतल्या काहीजणी तो पाहून आल्या होत्या. जर्मनीच्या मुलींची बाजू त्यांनी घेतली होती. का, असे विचारल्यावर एकीने ‘त्या हरत होत्या म्हणून’ असे सांगितले. या उत्तरात जेवढे साहित्यशास्त्र आहे तेवढे आम्हांला वर्गात शिकवता आलेले नाही.

चरित्र या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासाला जोडून आम्ही विद्यार्थ्यांना मुंबईच्या जुन्या खेळाडूंवर टिपणे लिहायला सांगतो. नेव्हिल डिसोझा यांच्यावर लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याने सुरुवातीलाच विचारले, ‘त्यांना ते म्हणायचे की तो?’ प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण मराठी क्रीडालेखनाचे मर्मच त्यात आहे. सचिन मराठीत ‘तो’ असतो, सुनील ‘तो’ असतो; आपल्या घरच्या मुलाला आपण अहोजाहो करत नाही. परदेशी खेळाडूही ‘तो’च असतो, कारण त्याचा मान राखण्याची जबाबदारी आपल्यावर नाही. मधल्या अंतरावरच्या माणसासाठी ‘ते’ उरते: आदर आहे, ओळख नाही. वाचकांच्या लक्षात आले असेल की या लेखात आम्ही झेलरला सरसकट ‘तो’ म्हणत आलो आणि नेव्हिल यांना ‘ते’. आम्ही विद्यार्थ्याला सांगितले, तुझे तू ठरव. त्याने टिपण आणून दिले, त्याचे पहिले वाक्य असे होते: ‘नेव्हिल तेव्हा चोवीस वर्षांचा होता.’ आम्ही ते दुरुस्त केले नाही.